चिंच, पासष्ट मिलिमीटर

घणसोलीच्या सेक्टर नऊमध्ये, बाल्कनी बंद करून
मी एक यंत्र पाळलंय.
पाळलं म्हणतो, कारण ते तापतं, रुसतं, भुसा ओकतं,
आणि दुपारी दोन ते चार त्याला गप्प ठेवावं लागतं.
वरच्या मजल्यावर तेव्हा कदमांचं तान्हं झोपतं.

प्लायवूड ते हसत कापतं. एमडीएफ म्हणजे तर लोणी.

मग पलंगेमामांनी दुकान बंद केलं.
तळवली नाक्यावर एकवीस वर्षं मटण तोललं,
गुडघे गेले, पोरगा फ्रोझनच्या धंद्यात गेला.
म्हणाले, ओंडका ने. चिंचेचा आहे,
जाळायला हात धजत नाही.
रबाळ्याच्या वखारीत त्याची चकती काढली,
वखारवाल्याने करवतीच्या नव्या पट्ट्याचे पैसे लावले,
वर एक शिवी.

मला हवा होता पाट, दोन पातळ्यांचा.
उज्ज्वलाचा डावा पाय ऑपरेशननंतर आखूड झाला.
डॉक्टर म्हणाले, तीनेक सेंटिमीटर.
मी इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस, 'तीनेक' मला पचत नाही.
घरी मोजलं: बत्तीस मिलिमीटर.
म्हणजे उजव्या पायाला तेवढाच खोल खळगा.
त्यातले बारा तर मामांच्या सत्तूरने
आधीच काढून ठेवले होते.
उरले वीस.
एका वेळी अर्धा. चाळीस फेऱ्या. फेरीला सोळा मिनिटं.

पहिल्या दिवशी घाई केली, एक-एक मिलिमीटर घेतला.
पूल थरथरला, काठ करपले, खाली पडलं पीठ.
पीठ पडलं की समजावं, लाकूड कापलं जात नाहीये,
नुसतं घासलं जातंय.
कीस पडला पाहिजे, खोबऱ्यासारखा.
फिरणं कमी केलं, चाल वाढवली,
आणि कानाने ऐकत बसलो,
कंपनीत पंप ऐकायचो तसा.

सातव्या फेरीत, काठाशी, टक्.

अकराशेचा बिट गेला.
यंत्राला पत्ता नाही.
तुटक्या दांड्याने ते हवेतच
पुढचा पाय आखत राहिलं.

पक्कडीने उपटून काढलं: पोलादाचं तिकोनी टोक,
करंगळीच्या नखाएवढं.

मामा आले, चष्म्याजवळ धरलं, मग खाली बसले.
"दोन हजार नऊची गटारी," म्हणाले,
"रांग पार शाळेपर्यंत. दुपारी पाहिलं तर सत्तूरचं टोक नाही.
कुणाच्या किलोत गेलं?
फडकं झटकलं, गटार उपसलं.
कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर दुकान संपलं असतं.
महिनाभर वॉर्डबॉयला चहा पाजून विचारायचो,
पोटात लोखंड घेऊन कोणी आलंय का."

सकाळपासूनची गिऱ्हाइकं त्यांना अजून पाठ.
बोटांवर मोजू लागले:
ठाकऱ्यांची सून, सेंटरिंगवाले दोघे भाऊ,
बँकेतला तो उंच, भोईर गुरुजी...
गुरुजींपाशी बोट थांबलं.
गुरुजी त्याच दिवाळीत वारले. साखरेने.
साखरेने, हे अख्ख्या गावाला ठाऊक.
मामा मात्र त्यांच्या दहाव्याला गेले नव्हते.
रस्त्यात बाई दिसल्या की पलीकडून जायचे.

तुकडा त्यांनी खिशात टाकला, काढला,
टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला.
पाणी नको म्हणाले.
जिन्यात कठड्याला धरून बराच वेळ उभे होते.
मी वरून बघत होतो, हाक मारली नाही.

उरलेल्या तेहेतीस फेऱ्या नव्या बिटने केल्या,
तीन दिवस, चारनंतर.

आता उज्ज्वला ओट्याशी सरळ उभी राहते.
म्हणते, फोडणीचा डबा एकदम खाली गेल्यासारखा वाटतो.
पाट किंचित डोलतो, खाली वर्तमानपत्राची घडी दिलीय.
काठाला ती खाच राहिली.
लांबी भरता आली असती.
भाकरी थापताना तिचा अंगठा तिथे जाऊन बसतो,
का, ते तिलाही सांगता येत नाही.

मामा काल नाक्यावर दिसले.
इस्त्रीचा शर्ट, हातात केळी.
म्हणाले, भोईर बाईंकडे चाललोय.
सांगणार काय, विचारलं नाही.